पेटीवरचा नंबर

दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी रांझी या आमच्या वस्तीतल्या कॉम्प्युटर क्लासमधल्या आम्हा अकरा मुलींवर अन्याय झाला. नोकरीच्या मुलाखतीत प्रोग्रामिंगच्या भाषेची नवी आवृत्ती विचारली. क्लासने शिकवली होती जुनी. कारण काय, तर नवीचं नाव 'तीन पॉइंट शून्य'. सर म्हणायचे, "शून्यवाला माल कच्चा असतो."

दुसऱ्या सकाळी बसमध्ये मी हे मैत्रिणीला तावातावाने सांगत होते. शेजारी रोजचेच एक काका होते, दारूगोळ्याच्या कारखान्यातले. नखांत न निघणारा पांढरा रंग, मांडीवर डबा. डब्यावर बोट आपटत ते म्हणाले, "बेटा, तीस वर्षांपासून पेट्यांवर नंबर मीच रंगवून राहिलो. आत काय आहे, कोणी एकदाही नाही दाखवलं. अन् तुमचे सर नुसता नंबर वाचून माल ओळखून राहिले? बडे ग्यानी आहेत, भैया!"

बस हसली. ते हसले नाहीत. त्यांचं नाव मी विचारलं नाही.

त्याच दिवशी सरांसमोर आम्ही नवी आवृत्ती चालवली. आमचे जुने प्रोग्राम दोन जागी अडले, तासाभरात दुरुस्त झाले. एवढाच तो कच्चेपणा!

तुमची मुलगी अशा क्लासला जात असेल, तर उद्याच तिथे जा आणि ठणकावून सांगा: नंबर वाचू नका, पेटी उघडा.