मेव्हण्याच्या हाताखाली

नगरजवळ नागापूरच्या ज्या कारखान्यात मी प्रेस मशीन चालवायचो, तिथं नव्या मशिनी येणार आणि जुनी माणसं जाणार, हे आम्हाला चहावाल्याकडून कळलं. साहेब लोक काही बोलत नव्हते. माझं शिक्षण तिसरी, वय बावन्न. दुसरीकडं कोण घेणार? म्हणून दर सुट्टीला एसटीनं जामखेडला जायला लागलो. तिथं माझ्या मेव्हण्याचं पाण्याच्या मोटारी भरायचं दुकान आहे. जळालेली मोटार उघडायची, काळी पडलेली तार काढायची आणि नवी भरायची.

मेव्हणा माझ्याहून बारा वर्षांनी लहान. दाजी आले म्हटल्यावर हातपाय धुवायला पाणी, बसायला खुर्ची. शिकायला गेलो तरी त्यात खंड नाही.

मोटारीच्या खाचेत तार दाबायला तो बांबूची पट्टी वापरायचा. मी पत्र्याची घेतली.

"दाजी, बांबू बरा पडंल."

"पंचवीस वर्षं लोखंडात काढलीत. मला नको शिकवू."

शिकायलाच तर गेलो होतो. पण तोंडातून निघून गेलं. तो गप्प बसला, तो गप्पच. माझी मोटार भरून झाली की म्हणायचा, "ठेवा तिथं, मी तपासतो." पुढच्या खेपेला विचारलं तर, "गेलं की गिऱ्हाईक घेऊन." अशा सहा मोटारी भरल्या. कारखान्यात बाकीचे काळजीनं सुकले होते, मी मात्र मान ताठ ठेवून फिरत होतो.

एका सकाळी गेटवर कागद लागला. मला वाचायला वेळ लागतो, पण स्वतःचं नाव लगेच दिसतं. घरी गेलोच नाही. तशीच जामखेडची एसटी धरली.

मी येणार हे मेव्हण्याला ठाऊक नव्हतं. तो एका मोटारीतली कोरी तार कापून काढत होता. तार बांधलेल्या दोऱ्याला पोत्याला मारतात तशी गाठ होती. तशी गाठ मीच मारतो.

"ही माझी ना?"

तो उठून खुर्ची पुसायला लागला. "आज कसं काय, दाजी? बसा."

"इचारलं त्याचं सांग."

"व्हय. पत्र्यानं तारंचं वार्निश खरवडतंय. लावली की जळणार."

"आन् आधीच्या पाच?"

"तुमी गेल्यावर परत भरल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"तोंड शिवलं हुतं का तुझं?"

"बहिनीच्या मालकाला चुकलं म्हनू कसा? आन् म्हनलो असतो, तर परत आला असता का तुमी?"

आलो नसतो. तोंडावर बोलला असता, तर त्या दुकानाची पायरी परत चढलो नसतो. तसाच बाहेर पडलो, स्टँडच्या दिशेनं निघालोही. पण नगरला जाऊन बायकोला काय सांगणार? रस्त्यात उन्हात बराच वेळ उभा राहिलो. मग मागं फिरलो.

"आज कामावरनं काढलं मला," मी म्हणालो. "ती खुर्ची उचल. हितं मी दाजी न्हाई. चुकलं की बोलायचं."

खाली पोत्यावर बसलो आणि बांबूची पट्टी घेतली. पहिली खाच भरली. त्यानं दोनदा घसा खाकरला. मग हळूच म्हणाला, "काढा." काढली, परत भरली. "काढा. कडंला तानलीय." तिसऱ्यांदा त्याचा आवाज चढला, "किती बारी सांगू, दाबू नका, सरकवा." माझे कान तापले. इतकं तर साहेबाचंही ऐकून घेतलं नव्हतं. ओठ दाबून काढली आणि पुन्हा भरली.

मोटार पुरी व्हायला ऊन कललं. तपासताना एक वायर तारेला आणि एक मोटारीच्या अंगाला लावतात. मध्ये बल्ब असतो. तो पेटला तर तार कुठंतरी उघडी पडलेली असते, सगळं वाया. वायरी त्यानं माझ्याच हातात दिल्या. मी लावल्या.

बल्ब पेटला नाही.

त्यानं दुसरी जळकी मोटार माझ्यापुढं सरकवली. "हिची जुनी तार मोजून काढा. घाई न्हाई."

त्याआधी मी बायकोला फोन लावला. नोकरी गेली, काम अजून येत नाही, शिकेपर्यंत इथंच राहतो, असं सगळं सांगून टाकलं.

मग ती म्हणाली, "कापडं कुनासंगं पाठवू?"