नव्या खुंट्यावरचे मासे

नागपुरात बसून समुद्र पाळायचा म्हणजे शुद्ध वेडेपणा, हे मला सगळ्यांनी सांगून झालंय. नवऱ्याने सांगितलं, ऑफिसातल्या बायकांनी सांगितलं, गॅस सिलिंडरवाल्यानेही सांगितलं. मी ऐकत नाही, स्वभावच तसा. आमच्या हॉलमध्ये पाच फुटांची काचेची टाकी आहे, तिच्यात पुड्यातलं समुद्री मीठ कालवून केलेलं खारं पाणी, आणि त्या पाण्यात पफर मासा. कोकणात याला केंड म्हणतात. घाबरला की पाणी पिऊन टम्म फुगतो. चेहरा अगदी कुत्र्याच्या पिल्लासारखा, आणि लाघवीपणाही तसाच. मी ऑफिसातून आले की पर्स खाली ठेवायच्या आत गडी काचेशी येऊन नाचायला लागतो.

उन्हाळ्याच्या तोंडी मी दुसरा आणला. सदर बाजारातल्या दुकानात एवढ्याशा टाकीत तो एकटा बसला होता, मला बघवलं नाही. दुकानदार म्हणाला, "मॅडम, दो पफर साथ में मत रखो. काट डालेगा." मी म्हटलं, बघू. तो म्हणाला, नाही जमलं तर दोन आठवड्यांत परत आणा, नंतर मी घेणार नाही.

पहिल्याच संध्याकाळी मोठ्याने लहान्याच्या शेपटीचा लचका तोडला. मी किंचाळले. टाकीत मधोमध प्लास्टिकची जाळी उभी केली. दोनदा जाळी काढून पाहिली, दोन्ही वेळा मोठा सरळ त्याच्या अंगावर. लहाना जाळीपलीकडे पंपाच्या मागे दडून बसायचा आणि झिंगा टाकला तरी बाहेर यायचा नाही. त्याला परत त्या डबड्यात नेऊन टाकायला माझं मन धजत नव्हतं.

टाकीसमोरच्या दिवाणावर माझे सासरे, आमचे मामाजी, असायचे. सासूबाई गेल्या, शेती थोरल्या दिरांनी हाती घेतली, आणि होळीनंतर आम्ही त्यांना सावनेरकडच्या गावाहून घेऊन आलो. कूलरची हवा थेट अंगावर येईल अशी जागा दिली. वेळेवर चहा, वेळेवर जेवण. पण त्यांनी आणलेली थैली काही रिकामी होईना. धोतर थैलीतून काढायचं, वाळलं की घडी करून परत थैलीत. आणि दर दोन दिवसांनी एकच पालुपद, "सूनबाई, मले सावनेरच्या गाडीत बसवून दे." मला रागच यायचा. काय कमी आहे हो इथे?

दोन आठवडे भरत आले त्या शनिवारी मी हरले. जेवताना सांगितलं, उद्या लहान्याला परत देऊन येते. बोलता बोलता रडूच आलं. मामाजी ताटातली भाकरी मोडत म्हणाले, "सदरले जाऊनच राहिली तर मलेही बसस्टँडवर सोड. एका फेरीत दोन कामं." मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी आपटली.

रविवारी सकाळी बादली आणि जाळं घेऊन टाकीशी उभी राहिले. दिवाणावरून आवाज आला.

"काहून चावते वं तो मोठा?"

"स्वभावच तसा आहे त्याचा, मामाजी."

"सोभाव नाई. खुंट्याचं हाये." ते उठून काचेजवळ आले. "नवा बैल आणला का आम्ही त्याले जुन्याच्या बाजूले नेऊन बांधत नसतो. जुना मारतेच. जागा त्याची, गव्हाण त्याची, नवा कुठून आला? मंग दोघायलेही बाहेर काढाचं. खुंटे उपटाचे, दुसरीकडे ठोकाचे, अन् दोघायले संगंच आत न्याचं. कोणीच जुना नाई मंग."

मी बघतच राहिले. "अहो, हे दोन आठवड्यांपूर्वी सांगायचं ना!"

"तू इचारलं कुठं?" ते म्हणाले. "अन् पाहुण्यानं काय सांगाचं?"

एवढं बोलून ते बाह्या सारायला लागले. टाकीचंच पाणी दोन बादल्यांत घेऊन दोघांना वेगवेगळं ठेवलं, हवेच्या नळ्या सोडल्या. मामाजींनी कोपरापर्यंत हात घालून दगड उचलले. मोठ्याची लाडकी कपार मोडली, पंपाची बाजू बदलली, उजवीकडचं डावीकडे केलं. मध्येच बोट चाटून म्हणाले, "बाप्पा! खरंच खारं हाये वं!" इतके दिवस त्यांना ते खरं वाटलंच नव्हतं.

गढूळ पाणी निवळू दिलं, दिवा बंद ठेवला आणि दोघांना एकदमच सोडलं. मी जाळं धरून उभी राहिले. मोठा आपली कपार शोधत भिंतीभिंतीने फिरला. ती नव्हतीच. लहानाही भांबावून फिरत होता. मग दोघे समोरासमोर आले. मोठ्याने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि तोंड फिरवून वाळू हुंगायला निघून गेला. मी दोन टोकांना दोन झिंगे टाकले. लहान्याने कवचासकट कडकड फोडून खाल्ला. आता तीन महिने झाले, क्वचित एखादी हूल देतात एकमेकांना, पण लहान्याची शेपटी पुरती भरून आली आहे.

त्या दिवशी मी आनंदाने ओरडले, नवऱ्याला हाका मारल्या. मागे वळून बघते तर मामाजी हात पुसून, टोपी घालून, थैली घेऊन दारात उभे. "चाल वं. गाडीची वेळ झाली."

मी हॉल पाहिला. टीव्ही जिथल्या तिथे, सोफा जिथल्या तिथे, आमचं सगळं जागच्या जागी, आणि कडेला एक दिवाण लावून दिलेला. मला माझीच लाज वाटली. नवऱ्याला म्हटलं, आपल्या खोलीतला पलंग मागच्या खोलीत न्यायचा, ती समोरच्या खिडकीची खोली मामाजींसाठी मोकळी करायची. आणि हॉलही सगळा फिरवायचा. तो म्हणाला, आत्ता? मी म्हटलं, आत्ताच.

मामाजी दारातच उभे होते. "काय करून राहिली वं?"

"खुंटे उपटून राहिली, मामाजी. तुमचाही, आमचाही."

दुपारभर आम्ही सामान ओढत होतो आणि ते थैली काखेत धरून प्रत्येक खोलीत डोकावत होते. शेवटी रिकाम्या केलेल्या कपाटापुढे येऊन थांबले, थैलीचं तोंड सोडलं आणि म्हणाले, "मधला खण मले दे. खाली वाकाले होत नाई."