नकाशावरचा डोह

"आधी तोंड बघा," असं म्हणत सर माशाच्या जबड्यात करंगळी घालायचे. बंगळुरातल्या शिवाजीनगरच्या मासळीबाजारात त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे फजिती. "सुम्ने मुट्टबेडी सार!" कोळीण कानडीत ओरडायची. उगाच हात लावू नका, म्हणजे. सर निर्लज्जपणे पुढचा मासा उचलायचे आणि काहीही न घेता बाहेर पडायचे. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल.

बंगळुरातल्या आमच्या संस्थेत ते मासे मोजायचे आणि मी नकाशे काढायचे. तळकोकणातल्या एका खाडीवर त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. तिथला एक म्हातारा कोळी त्यांच्यासाठी जाळं टाकायचा. सरांची बरीच वर्षं पारख केल्यावर एका भरतीला त्याने त्यांना कांदळवनामागचा डोह दाखवला. जिताडे, म्हणजे खाडीतले मोठे शिकारी मासे, तिथे जमायचे. ही जागा त्याने सख्ख्या भावालाही सांगितली नव्हती.

सरांनी ती मला सांगितली. मी नकाशावर निळा ठिपका दिला आणि त्याच्याभोवती लाल रेघ ओढली. काही महिन्यांनी त्या रेघेच्या आत सरकारने मासेमारीवर बंदी घातली. आम्ही दोघांनी कॅन्टीनमध्ये बदामी हलवा खाल्ला. मला त्याची अजून लाज वाटते.

बंदी लागू पडली, हे मात्र खरं. "मासे दुप्पट झाले असतील ना?" असं कुणी विचारलं की सर चिडायचे. "आकडा फारसा हलत नाही हो. तोंडं मोठी झालीत! जिताडा वाढला, तांबोशी वाढली, आणि बारकी बोयटं त्यांच्या पोटात गेली. खाडीत कोण कुणाला खातं, ते बदललं." हे सांगताना त्यांचा चेहरा फुलायचा, आणि मग बोलता बोलता एकदम विझायचा.

बंदीनंतर म्हाताऱ्याची होडी विकली गेली होती. त्याचा मुलगा बंगळुराजवळ होसकोट्याला कारखान्यात होता, त्याने बापाला इकडे आणून एका गोदामाच्या फाटकावर राखणीला बसवलं. सरांना हे कळल्यापासून ते दर शनिवारी होसकोट्याची बस धरू लागले. एकदा मीही गेले. खाकी सदरा घातलेल्या म्हाताऱ्याने पहिल्याच वाक्यात विचारलं, "सायबानू, जिताडो केवढो झालो?"

"माझ्या कमरेएवढा."

"माका म्हायत होता," म्हातारा हसला.

परतताना बसमध्ये सर म्हणाले, "त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं गं."

त्या दिवसापासून त्यांनी एकच ध्यास घेतला. म्हाताऱ्याला एकदा तरी त्या पाण्यावर न्यायचं. मोजणीसाठी जाळं टाकणारा म्हणून त्याचं नाव परवान्यात घालायला त्यांनी दोन वर्षं सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. परवाना मिळाला तेव्हा ते लहान मुलासारखे माझ्या टेबलाशी आले, आणि आम्ही तसेच होसकोट्याला निघालो.

म्हाताऱ्याने कागद दोन्ही हातांनी धरला, मग घडी घालून परत दिला. "डोह माझो होतो, तेव्हा तुमका दाखवलंय. आता तो तुमचो. लोकांच्या घरात मी जाळा टाकूचंय नाय."

आवाजात राग नव्हता. सर फाटकाजवळच्या दगडावर बसले ते बराच वेळ उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "तो ठिपका पुसता येईल का?"

"पुसला तर रेघ का ओढली, ते कसं सांगणार सर?"

"हो, तेही खरंच," ते म्हणाले. पुढे निवृत्तीपर्यंत ते रोज संध्याकाळी माझ्या पडद्यावर तो नकाशा उघडायला लावायचे, नुसते बघायचे आणि घरी जायचे. निवृत्तीनंतर वर्षभरातच ते गेले. अजूनही सहा वाजले की खुर्चीमागे कुणीतरी उभं आहे असं मला वाटतं. मी वळून बघत नाही.

म्हाताऱ्याला सांगायला मीच गेले. त्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बाये, नकाशार डोह अजून आसा?"

"आहे. पुसू का?"

"नको, रवांदे," तो म्हणाला. "आता सायब माका थंय, त्या डोहारच भेटतले."