दाराकडे येणारी पावलं

श्रूजबरीतल्या आमच्या घराखाली चिकणमाती होती. थंडीत ती गोठून फुगायची, वसंतात खाली बसायची. या ओढाताणीत अंगणातला जुना काँक्रीटचा वॉकवे जागोजागी फुटला होता. २००४च्या सप्टेंबरात आम्ही तो उखडून नवा घालून घेतला.

कामगार गेल्यावर मी दारात आले, तर सासूबाई कडेला बसून ओल्या काँक्रीटवर मूठ टेकवत होत्या. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गौरी यायच्या होत्या. मुठीच्या कडेने तळवा आणि वर बोटाने पाच ठिपके, अशी गौरीची पावलं घराच्या दिशेने त्या उमटवत होत्या. मी भडकले. म्हटलं, "आई, ही रांगोळी नाही. उद्या पुसता येणार नाही."

"मग बरंच झालं की," त्या शांतपणे म्हणाल्या.

त्याच वर्षी फेब्रुवारीत हॉस्पिटलमधून आम्ही नवरा-बायको रिकाम्या हातांनी घरी आलो होतो. त्या बाळाबद्दल घरात कोणीच बोलत नसे.

आठवड्याभराने एक नवीन पोस्टमन पत्रं द्यायला आला. पायाशी बघून त्याला हसू फुटलं. "किती गोड! केवढं आहे बाळ?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"सात महिन्यांचं," मी म्हणाले.

तेव्हापासून बर्फ पडला, की मी आधी ती पावलं मोकळी करते. सगळी आत येणारी आहेत. बाहेर जाणारं एकही नाही.