शेवटच्या कडव्यातलं नाव

२२ फेब्रुवारी. मोड आलेले कडवे वाल सोलत मी महाडच्या घरी बसले होते. अर्धी परात अजून बाकी होती आणि फोन वाजला. हात ओले, म्हणून कोपरानं स्पीकर लावला.

"ताई, पोलादपूरच्या वरच्या वाडीतून बोलतोय, मंडळाचा अध्यक्ष. रविवारी आमच्याकडं पूजा हाय. दुपारचा शक्ती-तुरा ठेवलाय. तुरेवाले मुंबईचे, ते ठरलेत. शक्तीवाल्यांच्या शाहिराचा घसा बसला. तुम्ही येताव का?"

"मी सहा वर्षांत गायले नाही."

"म्हाईत हाय. म्हणून तर बाकीच्यांना आधी इचारला. कोण मोकळा नाय."

माणूस खरं बोलत होता. मी हो म्हटलं.

शक्ती-तुरा म्हणजे शक्तीवाले आणि तुरेवाले अशा दोन पार्ट्यांचा गाण्यातला सामना. एकानं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं तिथल्या तिथे जवाब बांधायचा, मागच्या कोरसनं ओळ उचलून धरायची. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात गुरूचं नाव घ्यायची रीत आहे. गाणं कुणाचं, ते लोक त्या नावावरून ठरवतात.

माझं माहेर पोलादपूर तालुक्यातलं. गावातल्या बुवांनी मला ताल शिकवला, चाली शिकवल्या, माइकपासून किती अंतरावर उभं राहायचं तेही शिकवलं. नंतर अकरा वर्षं मी त्यांच्या पार्टीला गाणी लिहून दिली. महाडच्या बाजारात माझं शिवणाचं दुकान आहे; मशीन चालवताना ओळी जुळवायच्या आणि संध्याकाळी वहीत उतरवायच्या. शेवटी बुवांचं नाव घालायचे, कारण तसंच घालतात. पुढे ती गाणी मोबाइलवर फिरायला लागली. एका लग्नात कुणीतरी माझ्यासमोरच बुवांना विचारलं, "हे तुम्हाला सुचतं तरी कसं?" बुवा नुसते हसले. मंडपाबाहेर मी त्यांना गाठलं. म्हटलं, एकदा तरी माझं नाव सांगायचंत. ते म्हणाले, "शेवटच्या कडव्यात कुणाचं नाव हाय ते वाच, आणि मग भांड."

त्या दिवसापासून मी लिहिणं आणि गाणं दोन्ही सोडलं.

आता परत उभं राहायचं तर शेवटच्या कडव्यात माझं नाव येणार, हे मी परात रिकामी व्हायच्या आत ठरवलं. अडचणी दोन होत्या. गुरूचं नाव न घेणाऱ्याला आमच्यात निगुरा म्हणतात. ती शिवी आहे, आणि समोरची पार्टी ती भर मंडपात घालते. दुसरी अडचण साधी, कारागिरीची. बुवांचं नाव चार अक्षरी, माझं दोन. माझा हात चार अक्षरांवर बसलेला. माझं नाव घातलं की ओळ लंगडायची.

पहिले दोन दिवस काही सुचलं नाही. सुचलं ते दुकानाच्या पाटीसारखं.

"पाच दिवसांत गाणं होईल?" नवऱ्यानं विचारलं.

"पाच दिवसांत मी बारा ब्लाउज शिवते."

"ब्लाउजला माप असतं."

त्याचं बरोबर होतं. मी वही पुढे ओढली. शनिवारी एक गाणं पुरं झालं. शेवटचं कडवं चार वेळा लिहून चार वेळा खोडलं, पण झालं.

रविवारी पोलादपूरहून जीपनं वर गेलो. ढोलकीला माझा चुलत भाऊ, कोरसला सहा जण. सहाही जण बुवांच्या पार्टीत गायलेले. दुसरे आणायचे कुठून? मंडपात शिरले आणि पहिल्या रांगेत, खांद्यावर नवी शाल घेऊन, बुवाच बसलेले.

मी अध्यक्षांकडे पाहिलं.

"सत्कार ठेवलाय त्यांचा," ते म्हणाले. "सांगायचा राहिला."

मी बुवांच्या पाया पडले. पडायलाच हवं होतं.

"लिहिलंस वाटतं?"

"लिहिलं."

"बघू. कडवं कसं बसवलंस ते बघू."

कोरसमधल्या सहाही जणांनी ते ऐकलं. एकाएकाचा चेहरा मला दिसत होता.

नाणेफेक तुरेवाल्यांनी जिंकली. त्यांचा शाहीर तिशीचा, गॉगल डोक्यावर चढवलेला. आल्या आल्या त्यानं सवाल टाकला:

"शक्तीवाली बाई, वही दाव उघडून,
गुरू कोण तुझा, सांग नाव काढून!"

मंडपात शिट्ट्या पडल्या. कुणीतरी त्याला सगळं सांगून ठेवलेलं होतं. माझं लिहून आणलेलं गाणं पिशवीतच राहिलं. सवाल एक आणि जवाब भलताच, हे चालत नाही. त्याच्या पार्टीतली पोरं नाचत होती तेवढाच वेळ माझ्याकडे होता. पूजेच्या निमंत्रणाच्या कोऱ्या बाजूवर मी ओळी मांडल्या. घाईत अक्षर मलाच लागेना. तीन कडवी झाली. चौथं लिहायच्या आत त्यांची ढोलकी थांबली.

उभी राहिले. आवाज पहिल्या ओळीला फाटला, दुसऱ्या ओळीला लागला.

"गुरूनं दिला ताल, गुरूनं दिली चाल,
शब्द माझ्या घरचे, तुम्ही कुणाला पुसाल?"

बायकांच्या बाजूनं टाळ्या आल्या. कोरसही जोरात होता. तिसरं कडवं गेलं. चौथं कागदावर नव्हतं. सवयीनं चाल पुढे गेली, सवयीनं तोंड उघडलं, आणि चार अक्षरांच्या जागेवर मी बुवांचं नाव घेतलं.

सहाही जणांनी ते उचललं. एकदा, दोनदा, तीनदा. इतक्या जोरात ते आधीच्या तिन्ही कडव्यांत गायले नव्हते. पुढच्या रांगेत बुवांनी हात वर करून नमस्कार घेतला. जुनी अकरा वर्षं गेलीच होती; आता खाली बसले असते तर हेही गाणं गेलं असतं.

मी ढोलकीवर हात ठेवला. भाऊ थांबला.

"काय झाला ओ बाई?" तुरेवाला माइकवरून ओरडला. "गुरू बदलला काय मध्येच?"

"गुरू तेच आहेत," मी म्हटलं. "कडवं चुकलं. परत घेते."

आणि घेतलं. पहिल्या ओळीत बुवांना गुरू म्हणून नमस्कार, दुसऱ्या ओळीत 'लिहिते' आणि माझं नाव. दोन अक्षरं कमी पडत होती, तिथे आवाज लांबवला. ओळ सरळ उभी राहिली.

कोरस गप्प.

ढोलकी वाजत होती, ओळ कुणी उचलत नव्हतं. सहाजण बुवांकडे बघत होते, बुवा मांडवाच्या कनातीकडे. मी तीच ओळ पुन्हा म्हटली. एकटीनं म्हटलेली ओळ मंडपात फार छोटी वाटते.

बायकांतून एक म्हातारी उठली. "बाईचा नाव घ्या ना रे! मिठाची गुळणी धरून बसलाव काय?"

हशा झाला. त्या हशात कोरसमधल्या टोकाच्या माणसानं ओळ उचलली, मग त्याच्या शेजारच्यानं. बाकी चौघांनी नुसते टाळ वाजवले. दोन आवाजांवर मी कडवं संपवलं आणि खाली बसले.

बुवा सत्कार घेऊन गेले. जाताना माझ्याजवळ थांबले. "दोन अक्षरं वढून घेतलीस," ते म्हणाले. "चालतंय." आणि शाल सावरत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी नुसते टाळ वाजवणाऱ्या त्या चौघांना एकेक करून फोन लावला. एकच प्रश्न विचारला: पुढच्या कार्यक्रमाला माझं कडवं गाणार की नाही? दोघे हो म्हणाले. एकानं फोन उचलला नाही. चौथा म्हणाला, "बुवांना इचारून सांगतो."

"मग राहू दे," मी म्हटलं, आणि त्याच्या जागी बसवायला कालच्या म्हातारीच्या घरात कुणी गाणारं आहे का, ते विचारायला अध्यक्षांना फोन लावला.