कायम नोकरीचा प्रश्न
स्कोन नावाच्या गरम, गोडसर पावावर लोणी वितळल्याचा वास आला की मला आमच्या आयरिश विद्यापीठातली एक दुपार आठवते. पीएचडीनंतर प्राध्यापकी करावी का, यावर विभागाने आम्हा विद्यार्थ्यांसाठी चर्चा ठेवली होती आणि भिजलेल्या कोटांनी खोली कोंदट झाली होती. वक्त्यांमध्ये नागपूरची एक ताई होती, तासिका तत्त्वावर शिकवणारी. पहिल्याच रांगेत विभागप्रमुख बसले होते, आणि पुढच्या वर्षी तिला तास द्यायचे की नाही हे तेच ठरवणार होते. एका मुलीने विचारलं, "पण कायम नोकरी मिळते का?" विभागप्रमुख बसल्या जागेवरून हसत म्हणाले, "अगं, सगळं ग्रँड होईल!" आयरिश बोलीत ग्रँड म्हणजे अगदी ठीक. ताईने माईक उचलला. "नाही होत," ती म्हणाली. "मी इथे वर्षानुवर्षं शिकवतेय आणि दर उन्हाळ्यात माझा पगार थांबतो. शिकवण्यासारखं दुसरं सुख नाही, म्हणून जरूर या. पण आधी युनियनमध्ये या." नंतर चहा आणि गरम स्कोन घेताना मी हळूच म्हटलं, "ताई, आता तुमचे तास गेले तर?" "गेले तर गेले. तू काहून घाबरून राहिली? खा ना!" सप्टेंबरच्या वेळापत्रकात तिचं नाव नव्हतं. त्याच आठवड्यात आम्ही बरेच जण युनियनचे सभासद झालो, आणि तिच्यासाठी भांडायला विभागप्रमुखांच्या दारात उभे राहिलो. जानेवारीत तिला तास परत मिळाले. आता मीही तासिकांवर शिकवते. नवे विद्यार्थी तोच प्रश्न विचारतात तेव्हा पहिल्या रांगेत कोण बसलंय ते मला दिसतं, आणि तरीही मी खरं तेच सांगते.