आईच्या किडनीतला खडा

आई सारसोळ्याची. जन्मभर मासळी विकली आणि आजारी पडायला वेळच मिळाला नाही, असं तीच सांगते. त्यामुळे कमरेत कळ यायला लागली तेव्हा तिने ती पाटी उचलताना भरलेली उसण ठरवून टाकली. मी सीवूड्सहून रोज फोन करायचे, ती रोज "बरं हाय" म्हणायची. मग एका सकाळी बाजारात पापलेट कापता कापता ती घामाघूम होऊन वाकली, ओकली, आणि शेजारच्या कोळणीने मला बोलावून घेतलं.

सोनोग्राफीत किडनीत खडा दिसला, चांगला सुपारीएवढा.

डॉक्टर माझ्याहून लहान होता. त्याने नीट समजावलं : पाठीला एक बारीक भोक, त्यातून दुर्बीण आत घालायची, खडा तिथेच फोडायचा आणि तुकडे बाहेर काढायचे. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं आई त्याच्याकडे बघत होती.

"भोक केवरं?"

त्याने करंगळीचं टोक दाखवलं.

"आन एकादा तुकरा आत ऱ्हायला तं?"

"राहू शकतो, मावशी. सगळे काढायचा प्रयत्न करू."

"प्रयत्न नको. काढ."

ऑपरेशनच्या सकाळी बांगड्या उतरवल्यावर ती अचानक लहान दिसायला लागली. माझा हात सोडेना. "घाबरलीस?" मी विचारलं. "मी? तुजाच हात थंड परला हाय." ते खरंच होतं.

तिसऱ्या दिवशी ती घरी आली. भेटायला आलेल्या बायका टाके बघायला उत्सुक होत्या, पण पाठीवर बोटभर पट्टी पाहून त्यांचा हिरमोड झाला. आईचाही झाला असावा, कारण ती पट्टी दाखवायची आणि लगेच "आतून लय मोठं हाय" म्हणायची. सगळ्यात जास्त त्रास दिला तो आत ठेवलेल्या नळीने, स्टेंटने. दर अर्ध्या तासाला लघवीला उठायचं, जळजळ, कमरेत ओढ. "मुतखरा गेला न नली आली," ती करवादायची. "भारेकरू तेवरा बदलला." दोन आठवड्यांनी ती नळी चार मिनिटांत निघाली, तेव्हा एवढ्याशा कामासाठी तिला उगाच घाबरवलं म्हणून तिने मलाच झापलं.

महिन्याने पुन्हा तपासणी. डॉक्टर जरा चाचरत म्हणाला, "मावशी, तिळाएवढा एक कण राहिलाय. त्रास होणार नाही, पाण्याबरोबर निघून जाईल."

मी डोळे मिटून घेतले. आता याचं काही खरं नाही.

आईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे रं पोरा. माज्या हातून पन काटा ऱ्हातो कवा कवा."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "आम्हाला कधी असं माफ केलं नाहीस."

"तुमी डाक्तर हाव काय?" असं म्हणून तिने रिक्षा थांबवली.